पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवताना सायलेन्सरचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन घालायचं ठरलं की इंजिन कुठलं, गिअर बॉक्स कुठला, रेडिएटर पुरेल का यावर रात्र-रात्र चर्चा होते. सायलेन्सरचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं: "तो शेवटी बघू, पाइपच तर आहे." मीही हेच म्हणालो होतो आणि मग बसवलेलं इंजिन पुन्हा उतरवलं. आपल्याकडे इंजिनाला जोडलेल्या मॅनिफोल्डपासून मागच्या टेलपाइपपर्यंतच्या सगळ्या लायनीला सायलेन्सरच म्हणतात, इथेही तसंच म्हटलंय. उदाहरणं मुख्यतः महिंद्राच्या सीजे-३बी आणि तिच्या भावंडांची आहेत, कारण माझे हात तिथेच काळे झाले. जिप्सी किंवा जुनी कार असली तरी बरंचसं लागू पडेल.

सायलेन्सरचा विचार नेमका कधी करायचा?

फाउंडेशन, म्हणजे चेसिसवरच्या इंजिन बसवायच्या बैठका, वेल्ड करायच्या आधी. इंजिन चेन-पुलीवर लटकत असतानाच.

कारण सांगतो. जीपचं मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन, २१९९ सीसीचं, एफ-हेड बांधणीचं आहे. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. म्हणजे जळका वायू ब्लॉकच्या कुशीतून, खालच्या अंगाला बाहेर पडतो. त्याच्या जागी २११२ सीसीचं प्युजो एक्सडीपी ४.९० डिझेल घातलं, की एक्झॉस्ट थेट हेडमधून, बराच वर निघतो. आता डाउनपाइपला, म्हणजे मॅनिफोल्डनंतरच्या पहिल्या पाइपाला, खाली उतरायला वेगळी वाट हवी, आणि त्या वाटेवर आधीच स्टिअरिंग बॉक्स, स्टार्टर, क्लचची लिंक, ब्रेकची नळी किंवा चेसिसची पट्टी ठाण मांडून बसलेली असते. इंजिन २० मिमी पुढे किंवा १५ मिमी बाजूला सरकवून जे साधतं, ते फाउंडेशन पक्कं झाल्यावर पाचर कापून आणि वेल्डवर वेल्ड मारून साधत नाही.

सोपी युक्ती: प्लंबरच्या दुकानातून ५० मिमीचा पीव्हीसी पाइप आणि चार-सहा एल्बो आणा. इंजिन टांगलेलं असताना मॅनिफोल्डपासून मागच्या बंपरपर्यंत पूर्ण लाइन पीव्हीसीत जुळवून बघा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, क्लच दाबा, स्टार्टर बाहेर काढता येतो का तेही पाहा. मगच फाउंडेशनला टॅक मारा. (तो पीव्हीसी तसाच ठेवून इंजिन चालू करू नका. हसू नका, एका गॅरेजमध्ये मी हे डोळ्यांनी पाहिलंय.)

कायद्याचं काय? नुसता सायलेन्सर नीट असला की झालं का?

नाही. इंधन बदललं म्हणजे गाडीची नोंदच बदलली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ आणखी कडक लावला: उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करता येणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचारा. बऱ्याच जुन्या जीपच्या आरसी बुकात इंधन आधीच डिझेल लिहिलेलं असतं. तुमचं काम तिथे इंजिन बदलून नवा नंबर चढवण्यापुरतं असू शकतं, तेही आधी विचारूनच.

सायलेन्सरपुरते नियम केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेत. धूर खाली जमिनीकडे किंवा डावीकडे सोडायचा नाही, मागे किंवा उजवीकडे सोडायचा. डावीकडे फुटपाथ आणि बस स्टॉप असतो, हे लक्षात घेतलं की नियम पाठ करावा लागत नाही. एक्झॉस्ट पाइप इंधनाच्या नळीपासून ३५ मिमीच्या आत नको. आणि आवाज दाबणारा डबा, म्हणजे मफलर, सक्तीचा आहे, 'फ्री फ्लो' नावाचा नुसता पाइप नव्हे.

पेट्रोलचा जुना सायलेन्सर तसाच जोडला तर चालेल का?

गाडी चालेल, पण घुसमटत चालेल.

पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची पाकळी असते. पाय हलका असला की हवा कमी आत जाते आणि धूरही कमी निघतो. जुन्या डिझेलात ती पाकळीच नाही. पाय हलका असो वा जड, इंजिन हवा पूर्णच ओढतं, कमी-जास्त होतं ते फक्त डिझेल. २११२ सीसीचं इंजिन २,००० आरपीएमला मिनिटाला साधारण १,८०० लिटर हवा ओढतं. ४०० अंश सेल्सिअसला हीच हवा फुगून ४,००० लिटरच्या घरात जाते. म्हणजे साठच्या स्पीडला निवांत जात असतानाही पाइपातून सतत एवढा वायू जायला हवा. पेट्रोलसाठी बेतलेल्या पाइपाला हा रोजचा भार झेपत नाही. वर काजळी. जुन्या मफलरच्या बारीक भोकांत ती थर धरते आणि वर्षभरात वाट आणखी अरुंद होते.

मॅनिफोल्डचा फ्लँज जुळत नाही ही अडचण तर किरकोळच म्हणायची.

मग पाइप किती इंची घ्यायचा?

डिझेल ज्या गाडीतून काढलं, तिचा पाइप मोजा आणि त्यापेक्षा बारीक जाऊ नका. हे पहिलं आणि जवळजवळ शेवटचं उत्तर. त्या गाडीचा सायलेन्सर हाताशी नसेल तर माझा ठोकताळा असा: टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नसलेल्या २.१ लिटरच्या प्युजोला दोन इंची, २४९८ सीसीच्या एक्सडी३पीलाही दोन इंची किंवा किंचित मोठा, आणि २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन टर्बोसह असेल तर सव्वादोन ते अडीच इंची.

जुन्या कारसाठी एक शोध आधी घ्या: कंपनीने त्याच गाडीचं डिझेल मॉडेल कधी काढलं होतं का? प्रीमियर पद्मिनीची १३७ डी निघाली होती, ॲम्बेसेडरही डिझेलमध्ये वर्षानुवर्षं मिळत होती. त्यांचा सायलेन्सर त्याच बॉडीखाली, त्याच हँगरवर बसवण्यासाठी बेतलेला असतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चार चकरा मारून तो मिळाला, तर तुमच्या वेल्डरचा आठवडा वाचतो.

"थोडं बॅक प्रेशर लागतंच, नाहीतर पिकअप जातो," असं मेकॅनिक म्हणतो. खरं आहे का?

डिझेलसाठी नाही. बॅक प्रेशर म्हणजे पाइपात धूर अडल्याने इंजिनावर येणारा उलटा दाब. तो लागतोच ही समजूत पेट्रोल मोटारसायकलींवरून आलीय. तिथेही खरी गोष्ट बॅक प्रेशरची नसून पाइपातल्या वायूच्या वेगाची आणि लाटांची आहे. डिझेलला, त्यातही टर्बो डिझेलला, टर्बोच्या पुढचा, म्हणजे टेलपाइपच्या बाजूचा, पाइप जितका मोकळा तितकं बरं. टर्बाइनच्या, म्हणजे टर्बोतल्या धुराने फिरणाऱ्या चक्राच्या, अलीकडे दाब जास्त आणि पलीकडे कमी असेल तरच ती नीट फिरते. पलीकडे बूच बसलं तर टर्बो उशिरा जागा होतो, एक्झॉस्ट तापतो आणि काळा धूर वाढतो.

टर्बोच्या अलीकडचा भाग मात्र उलटा हवा: लहान, ओतीव बिडाचा आणि कंपनीचाच. तिथे हौसेने पाइपांचा हेडर, म्हणजे पाइप वेल्ड करून केलेला मॅनिफोल्ड, बनवू नका. उष्णता वाटेतच निघून जाते, टर्बोचं वजन पाइपांवर येतं आणि काही महिन्यांत वेल्ड चिरतो. शिवाय टर्बोच्या आधी कुठेही वेल्डिंग केलं असेल तर आतली कडी आणि स्लॅगचे कण घासून, हवा मारून काढा. शेंगदाण्याएवढा तुकडा टर्बाइनच्या पात्यांत गेला की टर्बो संपला.

बॅक प्रेशर घरच्या घरी मोजता येतं का?

येतं, आणि त्यासाठी गवंड्याची लेव्हल पाइप पुरते.

मॅनिफोल्ड किंवा टर्बोच्या खाली, पहिल्या बाकाच्या अलीकडे, पाइपाला एक छोटा नट वेल्ड करून घ्या. त्यात तांब्याची किंवा लोखंडी नळी मीटर-दीड मीटर बसवा, म्हणजे गरम वायू वाटेत थंड होतो. तिच्या टोकाला पारदर्शक लेव्हल पाइप जोडा, ती यू आकारात फळीवर ठोका आणि अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. फळी दोन मीटरची घ्या, नाहीतर पाणी उडून अंगावर येईल. गाडी लोडमध्ये चालवा, म्हणजे घाटात तिसऱ्या गिअरला, आणि शेजारी बसलेल्याला दोन्ही पातळ्यांतला फरक वाचायला सांगा. एक मीटर फरक म्हणजे साधारण १० किलोपास्कल.

इंजिनाच्या पुस्तिकेत मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर मी मीटरभर पाण्याच्या वर जाऊ देत नाही. जागेवर उभ्या गाडीत नुसती रेस देऊन घेतलेलं माप फसवं असतं, टर्बो असेल तर जास्तच. मोजून झालं की नटात बोल्ट घालून बंद करा. तो पुढे तापमानाच्या सेन्सरलाही उपयोगी पडतो.

पाइप बाकी वस्तूंपासून किती लांब हवा?

इथे माझी फजिती सांगतो.

माझ्या जीपचा डाउनपाइप चेसिसच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी नळीवरून गेला होता. अंतर दोन बोटं. वेल्डर म्हणाला, "चिकटत तर नाही ना?" चिकटत नव्हता. पहिल्या मोठ्या फेरीत साखरप्याकडून आंबा घाट चढून वर आलो, चहाला थांबलो. दहा मिनिटांनी निघताना ब्रेक दाबला तर पॅडल निम्म्यावर गेलं, दुसऱ्यांदा फळीला टेकलं. गळती कुठेच नव्हती. पाऊण तास बसलो, आणि पॅडल आपोआप परत वर आलं.

झालं असं होतं: चालत्या गाडीत वारा पाइप थंड ठेवत होता. गाडी थांबल्यावर वारा बंद, आणि लाल व्हायच्या बेतातल्या पाइपाची धग नळीत मुरली. नवं डॉट-३ ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या वर उकळतं, पण पाणी शोषलेल्या जुन्या ऑइलसाठी मानकाची पायरी १४० अंशच आहे. माझं ऑइल कधी बदललं होतं ते मलाच आठवत नव्हतं. नळीत वाफेचे बुडबुडे झाले आणि पाय त्या बुडबुड्यांनाच दाबत राहिला. हेच घाट उतरताना झालं असतं, तर हे पान दुसऱ्या कोणीतरी लिहिलं असतं.

तेव्हापासून: ब्रेकची नळी, डिझेलची नळी आणि वायरिंग यांच्यापासून किमान चार बोटं म्हणजे ७५ मिमी. जागा नसेल तर मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा, पाइप आणि नळी या दोन्हींपासून सुटा, हवा खेळती राहील असा. पत्रा नळीलाच बांधला तर तो तवा होतो. गिअर बॉक्सच्या ऑइल सीलजवळ, टर्बोच्या ऑइल रिटर्न नळीजवळ आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याजवळही हेच बघा. डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा थंड असतो हे खरं, आयडलला १०० ते १५० अंशच असेल. पण भरल्या गाडीने घाट चढताना तो ५०० ते ७०० अंशांवर जातो.

बेलो लावायलाच हवा का?

हो. बेलो म्हणजे पाइपात बसवायचा जाळीदार, लवचिक तुकडा. चार सिलिंडरचं जुनं डिझेल आयडलला आणि बंद करताना किती हिसका देतं, ते बॉनेट उघडून एकदा बघा. इंजिन रबरी फाउंडेशनवर डुलतं, सायलेन्सर चेसिसला बांधलेला. मधे कोणीतरी लवचिक हवाच, नाहीतर मॅनिफोल्डचे स्टड तुटतात.

क्रम असा ठेवा: मॅनिफोल्ड, डाउनपाइप, मग गिअर बॉक्सला बांधलेली एक पट्टी, मग बेलो, मग चेसिसचे रबरी हँगर. बेलोच्या अलीकडचं सगळं इंजिनाबरोबर हलेल आणि पलीकडचं सगळं चेसिसबरोबर. डाउनपाइप थेट चेसिसला बांधला तर बेलो असून नसल्यासारखा. आणि न जुळणारे दोन पाइप ओढून जुळवायला बेलो वापरू नका, वाकवून बसवलेली जाळी पहिल्याच पावसाळ्याआधी उसवते.

कुठला पाइप, कुठलं वेल्डिंग?

१६ गेजचा साधा ईआरडब्ल्यू पाइप देशावर व्यवस्थित टिकतो. कोकणात आणि गोव्यात खारा वारा आहे, तिथे स्टेनलेस परवडत असेल तर घ्या. ४०९ ग्रेडवर वरवर गंज दिसतो पण तो टिकतो, ३०४ चकाकता राहतो पण तापल्यावर जास्त वाढतो. ३०० अंश वाढीला दोन मीटर लांब ३०४ पाइप साधारण १० मिमी लांबतो, साधा लोखंडी सात. हँगरना तेवढी मोकळीक हवी.

पाण्याच्या लायनीचा जीआय पाइप नको. तो स्वस्त आणि जाड असतो, पण वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. हा अनुभव वेल्डरलाच विचारा.

बाक वाळू भरून गरम करून वाकवलेला असेल तर आत चपटा झालाय का ते बघा. पाचर कापून जोडलेला बाक हा नाइलाज आहे. तयार बाक विकत घेऊन जोडलेला सगळ्यात चांगला.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या तारा काढा, कॉमन रेल, म्हणजे संगणकावर चालणारं नवं डिझेल इंजिन असेल तर ईसीयूचा (त्या संगणकाचा) कनेक्टरही काढा. अर्थचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावा, ब्लॉकवर नको, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो. शेजारी ओलं पोतं ठेवा. वर्कशॉपमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं, घाईत कोणीच करत नाही.

हीट रॅप गुंडाळू का?

बिडाच्या मॅनिफोल्डवर अजिबात नको, तडा जाण्याची भीती असते. डाउनपाइपवर कोरड्या भागात चालेल. चार महिने पाऊस असेल तिथे रॅप ओला राहतो आणि त्याच्याखाली पाइप सडतो.

पेट्रोल गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ठेवू का? आणि डीपीएफ?

पेट्रोलचा कन्व्हर्टर काढा. एमपीएफआय जिप्सीसारख्या गाड्यांत तो असतो. हवा आणि पेट्रोलचं प्रमाण अगदी नेमकं असेल तेव्हाच तो कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड या तिन्ही प्रदूषकांवर काम करतो. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन कायम जास्त, त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइडवर त्याचा उपयोग नाही, आणि बारीक जाळीत काजळी बसून तो बूच होतो. डिझेलला वेगळा ऑक्सिडेशन कन्व्हर्टर असतो. दाता इंजिनाबरोबर तो आला असेल तर ठेवा, फेकू नका.

बीएस-६ इंजिन, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाडीतलं, घालायचा मोह असेल तर माझं स्पष्ट मत: नको. डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, साठलेली काजळी ५५०-६०० अंशांना जाळतो, त्यासाठी दाबाचे आणि तापमानाचे सेन्सर, ईसीयू, वेगाचा सिग्नल हे सगळं एकमेकांशी बोलत असावं लागतं. डीपीएफ इंजिनापासून लांब सरकवला की तापतच नाही. काही गाड्यांत वर युरियाची टाकी. यातलं एक काढलं की इंजिन लिम्प मोडला जातं, म्हणजे स्वतःची ताकद तोडून लंगडत चालतं. तिथे जुगाड चालत नाही.

काळा धूर निघतोय. सायलेन्सर बदलू का?

आधी पंप आणि नोझल बघा. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. बहुतेक वेळा कारण पंपाची सेटिंग किंवा एअर फिल्टर असतं. सायलेन्सर तुंबल्यानेही धूर काळा होतो, पण त्यासोबत गाडी वरच्या आरपीएमला दम तोडते. निळा धूर इंजिन ऑइलचा. पांढरा सकाळी थोडा वेळ निघाला तर वाफ, गाडी तापल्यावरही राहिला तर टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा नोझल.

पीयूसीत डिझेलची चाचणी धुराच्या गडदपणाची असते. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा ६५ हार्ट्रिज (गडदपणाचं एकक), बीएस-४ ला ५०. चाचणीत आयडलवरून एकदम पूर्ण रेस देतात. महिनाभर गावात कमी गिअरने फिरवलेली गाडी तशीच नेली, तर पाइपात साठलेली काजळी त्या पहिल्या रेसला बाहेर येते. आधी वीस किलोमीटर हायवेवर ताणून मग न्या.

आवाज फार आहे. मोठा मफलर लावू?

कुठला आवाज ते आधी ओळखा. डिझेलची टकटक ब्लॉकमधून येते, तिला मफलर काही करू शकत नाही. फायरवॉलवर फेल्ट लावा. मागून येणारा घुमणारा आवाज मफलरचा. काचलोकर भरलेला मफलर डिझेलला नको: काजळी आणि तेलकटपणाने लोकर गच्च होते आणि सहा महिन्यांत तो रिकाम्या डब्यासारखा वाजतो. आतून कप्पे असलेला घ्या. टर्बो असेल तर आवाज तोच निम्मा मारतो.

टेलपाइप कुठे संपवायचा? मागे बसणाऱ्यांना धूर लागतो.

कापडी हूडच्या जीपमध्ये हे हमखास होतं. गाडी पुढे जाते तेव्हा मागे हवेचा खळगा तयार होतो आणि धूर त्या खळग्यातून परत आत येतो. पाइप बंपरच्या आतच संपवला तर नक्कीच. बंपरच्या चार-पाच इंच बाहेर काढा, उजव्या कोपऱ्याकडे आणि किंचित बाहेर वळवा. मागचा पडदा गुंडाळून पुढचे पडदे बंद ठेवणं सगळ्यात वाईट. डोळे चुरचुरतात म्हणून नव्हे फक्त, डिझेलच्या धुरामुळे माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. मागच्या बाकड्यावर बहुधा पोरंच बसलेली असतात.

ओढ्यातून, पाचटातून गाडी न्यावी लागते. काही वेगळं?

टेलपाइप पाण्याखाली गेला तरी चालू इंजिन पाणी ढकलत राहतं. ओढ्यात इंजिन बंद पडलं तर मात्र पाणी आत चढतं, ते निचरेपर्यंत सेल्फ मारू नका. डिझेलला खरा धोका एअर फिल्टरमधून पाणी जाण्याचा आहे, पिस्टनला पाणी दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्नॉर्केलचा खर्च तिथे करा.

उसाच्या फडात पाचटावर गाडी उभी करू नका. मफलर जमिनीच्या जवळ असतो आणि वाळलेलं पाचट त्याला चिकटून धुमसतं. मफलरच्या खाली पत्र्याचा ट्रे लावला तर पाचट आत अडकून आणखी वाईट होतं, म्हणून ट्रे नको, उंची वाढवा.

काम झाल्यावर कधी आणि काय तपासायचं?

पहिल्या तासाभराने, इंजिन गार झाल्यावर, मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळा. तांब्याचे नट वापरले असतील तर ते जाम होत नाहीत. मग ५०० किलोमीटरला फ्लँजभोवती काळी रेघ आलीय का बघा, ती गळतीची खूण. थंड इंजिन चालू करून टेलपाइपवर क्षणभर जाड ओला फडका धरला की गळकी जागा फुसफुसते. हँगरचे रबर ताणून एका बाजूला गेलेत का, पाइप कुठे घासून चकाकतोय का, आणि ब्रेकच्या नळीजवळचा रंग जळून तपकिरी झालाय का, तेही बघा. माझ्या नळीवरचा रंग तसा झाला होता. घाट चढायच्या आदल्या दिवशी ग्रीस मारताना मी तो पाहिलाही होता, आणि गंज समजून पुसला होता.